एकाच बाजूचं हेड: डॅटसन झेडच्या इनटेक मॅनिफोल्डमागची गोष्ट

जुन्या जपानी स्पोर्ट्स कारसाठी स्वतः इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरमधून सिलिंडरपर्यंत हवा नेणारा पाइपांचा जोड, बनवणाऱ्यांचं सगळ्यात जास्त डोकं खर्ची पडलंय ते निसानच्या एल सिरीजच्या सहा सिलिंडर इंजिनावर, म्हणजे निसाननं डॅटसन नावानं विकलेल्या २४०झेड, २६०झेड आणि २८०झेडच्या इंजिनावर. टोयोटाच्या ४ए-जीई इंजिनावर पण भरपूर काम झालंय, पण तिथं हेडच (सिलिंडरवरचं व्हॉल्व्हवालं झाकण) मुळात चांगलं आहे, एका बाजूनं हवा आत आणि दुसऱ्या बाजूनं धूर बाहेर. एल सिरीजमध्ये हवा आणि धूर दोन्ही एकाच बाजूला, आणि त्या एका गोष्टीमुळं पुढची पन्नास वर्षं लोक प्लेट कापतायत, पाइप वाकवतायत.

हा निर्णय चुकला की बरोबर होता यावर अजूनही जोरात वाद होतात. एक बाजू म्हणते की त्या काळात असं हेड अगदी नॉर्मल होतं, ओतायला सोपं, आणि खालच्या एक्झॉस्टच्या उष्णतेनं थंडीत पेट्रोलची वाफ नीट व्हायची. शिवाय २४०झेडचं एल२४ काही झेडसाठी कोऱ्या कागदावर काढलेलं इंजिन नव्हतं, डॅटसन ५१० गाडीच्या चार सिलिंडरच्या एल१६चाच ८३ मिमी बोर आणि ७३.७ मिमी स्ट्रोक, फक्त दोन सिलिंडर जास्त, म्हणून तर गाडी अमेरिकेत ३,५२६ डॉलरला विकता आली. हे सगळं मान्य. पण मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त पटतं, कारण १९६९ साली याच कंपनीच्या जपानमधल्या शोरूममध्ये फेअरलेडी झेड ४३२ उभी होती. ४३२ म्हणजे दर सिलिंडरला ४ व्हॉल्व्ह, ३ कार्ब्युरेटर, २ कॅमशाफ्ट. तिचं एस२० इंजिन १,९८९ सीसीचं, इनटेक आणि एक्झॉस्ट समोरासमोर, तीन मिकुनी सोलेक्स ४०पीएचएच कार्ब कारखान्यातूनच लावलेले, आणि पॉवर १६० पीएस. म्हणजे माहिती होती, जमत होतं, बनवत पण होते, फक्त ते महागातल्या गाडीसाठी ठेवलं आणि बाकी जगाला एका बाजूचं हेड दिलं. पुढं एल सिरीजसाठी कारखान्यानं रेसिंगवाल्यांना क्रॉसफ्लो, म्हणजे दोन बाजूंचं, हेड दिलं, ओकायामाच्या एका ट्यूनरनं तर डबल कॅमचं हेड काढलं, पण या दोन्ही गोष्टी इतक्या दुर्मिळ की सामान्य झेडवाल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता एका बाजूला असण्याचा त्रास नेमका काय, तर इनटेक आणि एक्झॉस्टला मिळून गॅस्केट एकच. आणि मधले बरेचसे स्टड दोघांना कॉमन, एक जाड वॉशर अर्धा इनटेकच्या फ्लँजवर (हेडला आवळायच्या सपाट पट्टीवर) बसतो आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर. तुम्ही नवीन मॅनिफोल्डची फ्लँज १२ मिमीची कापली आणि हेडरची (एक्झॉस्टच्या पाइपांच्या जोडाची) फ्लँज १० मिमीची निघाली की तो वॉशर तिरका बसणार, एक बाजू आवळली जाणार आणि दुसरी सैल राहणार. मग कुठंतरी हवा ओढली जाते, त्या सिलिंडरचं मिक्श्चर पातळ होतं, आयडल वरखाली होत राहतं आणि माणूस कार्बचे जेट बदलत बसतो. म्हणून जाणकार माणूस मॅनिफोल्डचं ड्रॉइंग काढायच्या आधी हेडरच्या फ्लँजला व्हर्नियर लावतो. उष्णतेचं तर विचारूच नका, हेडर बरोबर खाली, कार्ब बरोबर वर, ट्रॅफिकमध्ये थांबलं की कार्बच्या वाटीतलं पेट्रोल उकळायला लागतं.

तरीही मूळचा दोन कार्बचा सेटअप किती हुशारीनं केलेला होता हे लोक विसरतात. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, म्हणजे एकदा पुढच्या तिघांपैकी एक, एकदा मागच्या तिघांपैकी एक. त्यामुळं पुढच्या कार्बला दर २४० अंशांनी एक सिलिंडर, मागच्यालाही तसंच, कुठंही दोन सिलिंडर लागोपाठ एकाच कार्बवर भांडत नाहीत. शिवाय दोन्ही कार्बच्या बाजूंना जोडणारी बॅलन्स ट्यूब, त्यातून ब्रेक बूस्टरला स्थिर व्हॅक्यूम. तीन वेबर किंवा सोलेक्स कार्ब लावले की प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा घसा मिळतो, वरच्या आरपीएमला गाडी मोकळी होते, पण ती ट्यूब जाते. मग प्रत्येक रनरला (एकेका सिलिंडरकडं जाणाऱ्या पाइपला) भोक पाडून बारीक नळ्या एका छोट्या डब्यात आणायच्या आणि तिथून बूस्टरला लाइन द्यायची, नाहीतर ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं. त्यातही अमेरिकेतल्या गाड्यांना वेगळाच ताप, स्टीअरिंग डावीकडं म्हणून बूस्टर पण डावीकडं आणि इंजिनाची इनटेकची बाजू पण तीच, त्यामुळं मागच्या कार्बच्या ट्रम्पेटला (तोंडावरच्या कर्ण्याला) जागाच उरत नाही. जपानमध्ये बूस्टर उजवीकडं असल्यानं तिथले ट्यूनर निवांत लांब ट्रम्पेट लावायचे आणि त्यांचे फोटो बघून अमेरिकेतले लोक तेच पार्ट मागवून मग अडकायचे.

१९७३ साली अमेरिकेच्या प्रदूषण नियमांसाठी झेडचे कार्ब बदलले, चपट्या डोक्याचे आले, आणि गरम इंजिन परत चालू होत नाही अशा तक्रारी सुरू झाल्या. लोकांनी सरळ १९७०-७२चे गोल डोक्याचे कार्ब मॅनिफोल्डसकट शोधून बसवले. कारखान्याचा मॅनिफोल्ड काढून टाकायची सवय तिथंच लागली असं मला वाटतं. जपानमध्ये कारण वेगळं होतं, तिथं एल२८ मध्ये निसानच्याच डिझेल एलडी२८चा ८३ मिमी स्ट्रोकचा क्रँक आणि ८९ मिमीचे पिस्टन घालून ३.१ लिटर करायचे, मग जुने पोर्ट आणि जुना मॅनिफोल्ड पुरणार कसा.

१९७५च्या २८०झेडला बॉशच्या एल-जेट्रॉनिक पद्धतीचं इंजेक्शन आलं आणि त्याबरोबर कारखान्याचा पहिला खरा प्लेनमवाला मॅनिफोल्ड, पुढं हवेची झडप म्हणजे थ्रॉटल एकच, मागं डबा म्हणजे प्लेनम, त्यातून सहा रनर. टर्बो लावणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यावरच दिवस काढले. खरा बदल झाला २००० नंतर, स्वस्तातले प्रोग्रॅम करता येणारे ईसीयू (इंजिन चालवणारे कॉम्प्युटर) आल्यावर. तेव्हापासून सहा थ्रॉटल की एक थ्रॉटल हा वाद चालू आहे. सहा थ्रॉटलवाल्यांचं सोपं जातं, कारण वेबरच्या डीसीओई कार्बच्या मापाचेच थ्रॉटल बॉडी मिळतात, जुन्या तीन कार्बच्या मॅनिफोल्डवर थेट बसतात. आवाज तर काय सांगावा. पण थ्रॉटल जरासं उघडलं की रनरमधला व्हॅक्यूम जवळजवळ संपतो, जो उरतो तोही थरथरत असतो, मग ईसीयूला लोड (इंजिनावर किती भार आहे ते) कळतच नाही आणि थ्रॉटल किती उघडलंय त्यावरच मॅप करावा लागतो. टर्बोवाल्यानं एका थ्रॉटलचा प्लेनमच बनवावा असं माझं मत आहे, निसानच्याच स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनाला १९८९मध्ये कारखान्यातूनच सहा थ्रॉटल होते तरी ड्रॅग रेसिंगवाले ते काढून एकच मोठं थ्रॉटल लावतात, ते उगाच नाही.

रनर किती लांब ठेवायचा यात मात्र दोन्ही गटांचं गणित एकच. व्हॉल्व्ह बंद झाला की दाबाची लाट मागं जाते, उघड्या तोंडावरून परत येते, आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडा असताना पोचली तर सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते. लांब रनरला हे खालच्या आरपीएमला जमतं, आखूडला वरच्या. झेडमध्ये गणित काहीही येवो, शेवटी स्ट्रट टॉवर (सस्पेन्शनचा वरचा पत्र्याचा खांब) आणि बूस्टर जेवढी जागा देतील तेवढाच रनर होतो.

बनवायची पद्धत आता बरीच सोपी झालीय. फ्लँज वॉटरजेटवर कापून मिळते, रनरचा आकार आधी प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करून तो बसवल्यावर बॉनेट बंद होतं का बघता येतं, मग अ‍ॅल्युमिनियममध्ये टिग वेल्डिंग. अडचण जुनीच आहे, सहा पोर्टची लांबलचक फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेनं केळ्यासारखी वाकते. म्हणून जाड लोखंडी प्लेटला बोल्टनं आवळून, एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला असे छोटे टाके मारत जायचं आणि पूर्ण गार झाल्याशिवाय बोल्ट सोडायचे नाहीत, तरीही शेवटी मिलिंगवर एक हात फिरवावाच लागतो.

आणि कॅलिफोर्नियात या सगळ्यावर एक कायद्याची रेघ आहे. १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्टमधून (धुराच्या तपासणीतून) सूट, १९७६पासून पुढं नाही. म्हणजे २८०झेडचं पहिलं वर्ष सुटलं आणि तेच इंजिन असलेलं दुसरं वर्ष अडकलं. त्यामुळं तिथला बनवणारा ऑर्डर घेताना हेडचा नंबर नंतर विचारतो, आधी गाडी कुठल्या मॉडेल इयरची ते विचारतो.