त्याला मी दिसलो कसा?

जुलैचा पाऊस कौलांवर उतरला की गोव्यातल्या आमच्या वाळपईच्या घरात एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागतं. अशाच एका रात्री मी आणि माझा भाचा 'थीफ' हा कॉम्प्युटरवरचा चोराचा खेळ खेळत बसलो होतो. पूर्ण नाव 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट', १९९८ साली अमेरिकेतल्या लुकिंग ग्लास स्टुडिओजनं काढलेला. भाचा त्यानंतर बारा वर्षांनी जन्मलेला, त्यामुळे त्यातली लाकडी ठोकळ्यांसारखी माणसं बघून त्याला आधी हसूच आलं. पंधरा मिनिटांत हसू थांबलं. तो भिंतीच्या कडेला काळोखात होता, पहारेकरी पाठमोरा चालला होता, भाच्यानं दोन पावलं टाकली आणि पहारेकरी गर्रकन वळला.

"मामा, त्याला मी दिसलो कसा? मी तर काळोखात होतो!"

"दिसला नाहीस, ऐकू आलास. पायाखाली फरशी आहे बघ."

"पण मलाच माझी पावलं ऐकू आली नाहीत!"

खरं होतं ते. ऐकू येणार कुठून? आमच्या डोक्यावर धबधबा चालला होता. खेळातल्या वाड्यात मात्र पाऊस नव्हता.

लपतछपत खेळायचे हे खेळ मी वीसेक वर्षं खेळतोय. नायक कोण, कथा काय, चित्रं किती सुंदर, यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत विचाराल तर असला खेळ उभा राहतो किंवा पडतो तो पहारेकऱ्यावर. गोळीबाराच्या खेळात शत्रूला नेम धरता आला की भागतं. इथे त्याला बघता, ऐकता, संशय घेता, शोधता आणि शेवटी नाद सोडता आलं पाहिजे. आणि हे सगळं असं, की पकडले गेल्यावर आपण चिडायचं ते स्वतःवर, कॉम्प्युटरवर नाही.

आधी डोळ्यांचं बघू. 'थीफ'मध्ये पडद्याच्या तळाशी एक खडा असतो. तुम्ही उजेडात गेलात की तो उजळतो, काळोखात शिरलात की विझतो. खेळणाऱ्याला एवढंच दिसतं, पण आतला हिशेब जास्त बारीक आहे. ही यंत्रणा रचणाऱ्या टॉम लिओनार्ड या प्रोग्रॅमरनं तो नंतर तपशीलवार लिहून ठेवला. तुमच्यावर उजेड किती, तुम्ही हलता किती आणि तुमचं अंग उघडं किती, या तिन्हींची मिळून एक 'दृश्यमानता' ठरते. पहारेकऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच शंकू नसतो, अनेक असतात. समोरचा अरुंद आणि लांबवर जाणारा, त्याच्याबाहेरचे पसरट आणि आखूड. तुम्ही कुठल्या शंकूत सापडलात त्यावर त्याची नजर किती तीक्ष्ण ते ठरतं.

हे शंकू हवेतून आलेले नाहीत. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. त्याच्या नखाएवढा, म्हणजे जेमतेम दोन अंशांचा भागच आपल्याला खऱ्या अर्थानं स्पष्ट दिसतो. बाकीचा देखावा अंधुक असतो, पण डोळा सतत भिरभिरत असल्यामुळे आपल्या ते लक्षात येत नाही. कडेच्या नजरेला तपशील कळत नाही, हालचाल मात्र चटकन कळते. म्हणूनच 'थीफ'मध्ये अर्धवट उजेडातही निश्चल उभं राहिलं की निभावतं आणि तिथेच पाऊल उचललं की घात होतो.

गंमत अशी, की खऱ्या डोळ्याची एक खोड या पहारेकऱ्याला नाही. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग आणि तपशील टिपणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाख, आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी. नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. अमावास्येच्या आसपास एखाद्या सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर जा, अगदी फिकट तारा शोधा आणि त्याच्याकडे थेट बघा. नाहीसा होतो. किंचित बाजूला बघा, परत येतो. म्हणजे खरा पहारेकरी काळोखात तुमच्याकडे टक लावून बघत असेल तर तुम्ही वाचाल, आणि तो तुमच्या शेजारच्या खांबाकडे बघत असेल तर फसाल!

शिवाय डोळ्याला काळोखाची सवय व्हायला वेळ लागतो. वीज गेल्यावर पहिल्या दहाएक मिनिटांत शंकुपेशी जेवढं जमेल तेवढं करून घेतात. दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुरतं भरून यायला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यात कुणी मोबाइलची बॅटरी तोंडावर मारली की पहिल्यापासून सुरुवात. लख्ख दिवाणखान्यातून नुकताच बाहेर आलेला पहारेकरी खरं तर आंधळाच असायला हवा. 'थीफ'मध्ये तसं होत नाही. हिशेब तुमच्यावर पडलेल्या उजेडाचा आहे, त्याच्या डोळ्यांत साठलेल्या उजेडाचा नाही.

ही चूक म्हणायची का? मी नाही म्हणणार. त्याच्या बुबुळाची अवस्था मला बाहेरून दिसणार नाही, आणि जे दिसत नाही त्यावर डाव आखता येत नाही. खड्यावरचा उजेड मात्र मला दिसतो. खरा डोळा जसाच्या तसा खेळात घातला असता तर पकडले गेल्यावर भाच्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नसतं.

पण माझा जीव जडलाय तो त्याच्या कानावर.

'थीफ'मध्ये गालिच्यावर आणि गवतावर चालणं मऊ, लाकडावर मध्यम, फरशीवर आणि लोखंडी जाळीवर खणखणीत. असं का, याचं भौतिकशास्त्र सोपं आहे. कडक जमिनीवर टाच आपटते तेव्हा टक्कर अगदी क्षणात उरकते, आणि टक्कर जितकी आखूड तितके तिच्यात उंच पट्टीचे सूर जास्त. आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात, म्हणजे नेमका त्याच 'टक्‌'साठी. गालिचा ती टक्कर लांबवतो, 'टक्‌'चा 'धप्प' होतो, आणि धप्प ऐकायला कान तेवढा तीक्ष्ण नसतो. चवथीला मूळ घरी आम्ही पंधरा-वीस पोरं लपंडाव खेळायचो तेव्हा हे गणित पायांना पाठ होतं. शेणानं सारवलेल्या पडवीत कुणी कुठेही पळावं. सोप्यावर मोझाइक बसवल्यापासून तिथे चपला काढून. आणि माळ्याच्या तिसऱ्या फळीवर कुणी पाय द्यायचा नाही. ज्याला हे ठाऊक नसे, तो मुंबईचा पाहुणा.

खेळात पायाखालची जमीनच बदलायची सोयही आहे. शेवाळाचा बाण मारायचा, की फरशीवर शेवाळाची गादी पसरते आणि तिच्यावरून बिनआवाज जाता येतं. हा बाण ज्यानं कल्पिला त्यानं गोव्यातला पावसाळा पाहिला नसावा. आमच्याकडच्या चिऱ्यांवरच्या शेवाळावरून चोर निघाला तर पाऊल वाजणार नाही, कंबर वाजेल.

या खेळातली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे आवाजाची वाट. आवाज भिंतीतून सरळ रेषेत जात नाही. या खोलीच्या दारातून त्या खोलीत, तिथून पुढच्या दारात, असा वळणावळणानं जातो आणि वाटेत क्षीण होतो. प्रत्येक खोली कुठल्या खोलीला जोडलेली आहे याचा नकाशा खेळाकडे असतो. त्यामुळे शेजारच्या खोलीतली पावलं तुम्हाला भिंतीतून नाही, दाराकडून ऐकू येतात. आणि दिशा ओळखायला लागणारा कान तुमचा स्वतःचा. डाव्या आणि उजव्या कानांत आवाज पोचायला जास्तीत जास्त फरक पडतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तेवढ्यावर मेंदू दिशा सांगतो. हेडफोन लावून हा खेळ खेळणारा माणूस बघा, डोळे अर्धे मिटलेले असतात.

मग आमच्या कौलांवरचा पाऊस काय करत होता? आतल्या कानात शंखाच्या आकाराची नळी असते आणि तिच्यातल्या पडद्याची वेगवेगळी जागा वेगवेगळ्या पट्टीला थरथरते. पावसात सगळ्या पट्ट्या एकदम वाजतात, म्हणजे अख्खा पडदा आधीच थरथरत असतो. त्यात पावलाची जी काही भर पडते ती इतकी किरकोळ, की मेंदूच्या हिशेबात येत नाही. आवाज दबत नाही, तो असतोच. फक्त वेगळा काढता येत नाही. २००५ साली आलेल्या 'स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी'त हे तत्त्व थेट खेळात आलं. पडद्यावर आवाजाची पट्टी असते, तिच्यावर आसपासच्या गोंगाटाची खूण, आणि तुमचा आवाज त्या खुणेच्या खाली राहिला तर पहारेकऱ्याला पत्ता लागत नाही. यंत्र धडधडतंय तोवर पळा, थांबलं की थांबा. मला ही खूण पहिल्यांदा दिसली तेव्हा कुणीतरी आमच्या सत्तरी तालुक्यातला पाऊस मोजून पट्टीवर बसवल्यासारखं वाटलं.

आता संशय. शेजारच्या काकांच्या भाटात, म्हणजे बागेत, मे महिन्यात आम्ही पहाटे पडलेले आंबे वेचायला जायचो. वेचायला म्हणतोय, पण काकांचा शब्द वेगळा होता. झाडाखाली फणसाची वाळलेली पानं पसरलेली असत, पाय पडला की पापडासारखी मोडत. एक पान मोडलं की पडवीतून खाकरण्याचा आवाज यायचा. आम्ही जागीच थिजायचो. काका उठायचे नाहीत, पण कान इकडे आहेत हे कळायचं. दुसरं पान लगेच मोडलं तर मात्र बॅटरी पेटायची. पहिल्या आणि दुसऱ्या पानात पुरेसा वेळ गेला तर काका कुशीवर वळायचे आणि सगळं माफ. हा 'पुरेसा वेळ' किती, हे आमच्या टोळीतल्या सर्वांत मोठ्या मुलाला ठाऊक होतं, म्हणून तो पुढारी.

'थीफ'चा पहारेकरी अगदी काकांसारखा वागतो. त्याच्या डोक्यात गळका घडा आहे असं समजा. दिसलेली सावली, ऐकलेलं पाऊल घड्यात पाणी ओततं आणि तळाच्या भोकातून ते हळूहळू गळत राहतं. थोडं भरलं की तो स्वतःशी पुटपुटतो, अजून भरलं की शोधायला निघतो, काठोकाठ भरलं की तलवार उपसतो. पाणी गळून गेलं की उंदीरबिंदीर असेल म्हणत परत गस्तीला. माणसाचा मेंदू अंधुक पुराव्यावरून निर्णय कसा घेतो याची शास्त्रज्ञांची मांडणीही बरीचशी अशीच आहे: पुरावा साठत जातो आणि एक रेघ ओलांडली की निर्णय होतो. रेघ खाली ठेवली तर माणूस उंदरालाही चोर समजतो, वर ठेवली तर चोरालाही उंदीर. आंब्यांच्या दिवसांत काकांची रेघ खाली यायची, जूनमध्ये वर जायची.

पुटपुटण्याला मी फार मानतो. खरा पहारेकरी मनातला संशय मोठ्यानं बोलून दाखवणार नाही. पण घड्यात पाणी किती आहे हे खेळणाऱ्याला कळलं नाही तर लपण्यात मजा उरत नाही, नुसती धडकी उरते.

लिओनार्डच्या लिखाणातली एक कबुली तर मला फारच आवडते. तुम्ही नजरेआड झाल्यावरही काही क्षण खेळ पहारेकऱ्याला तुमचा खरा ठावठिकाणा फुकट सांगत राहतो. शुद्ध लबाडी! पण त्यामुळे तो कोपऱ्यावरून वळून नेमका तुमच्या मागे येतो आणि आपल्याला वाटतं, याला डोकं आहे. ती मदत बंद झाली की तो खरोखरच चाचपडू लागतो.

या सगळ्या प्रकाराची एक मोठी मुळी मर्यादेतून फुटली, हेही सांगायला हवं. १९८७ साली जपानमध्ये हिदेओ कोजिमा एमएसएक्स २ या घरगुती कॉम्प्युटरसाठी लढाईचा खेळ करत होता. त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता यायची. माणूस, शत्रू, गोळ्या, सगळे मिळून आठ. लढाई कसली होणार? मग लढण्याऐवजी लपण्याचा खेळ झाला, 'मेटल गिअर'.

निसर्गातले लपणारे मात्र यांच्या फार पुढे आहेत. २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात मिझुतानी, चाल आणि भारतीय वंशाचे मंड्यम श्रीनिवासन यांचा ऑस्ट्रेलियातल्या चतुर या कीटकांवरचा निबंध आला. दोन कॅमेऱ्यांनी चतुरांच्या हद्दीच्या भांडणांचं चित्रण करून त्यांनी उडण्याच्या वाटा त्रिमितीत मांडल्या. तेव्हा दिसलं, की एक चतुर दुसऱ्याच्या मागावर असताना अशा वाटेनं उडतो, की त्या दुसऱ्याच्या डोळ्याला तो जागचा हलल्यासारखाच दिसत नाही, दूरवरच्या एखाद्या स्थिर ठिपक्यासारखा भासतो. म्हणजे हालचाल करूनही हालचाल लपवायची. चवथीच्या सुमारास शेतांवर चतुरांचे थवे येतात तेव्हा मी बांधावर बसून हे बघायचा प्रयत्न केलाय. मला काही दिसलं नाही, आणि दिसू नये यातच त्यांचं कसब. मी खेळलेल्या एकाही खेळात अशा युक्तीला फसणारा पहारेकरी मला भेटलेला नाही.

त्या रात्री भाच्यानं हेडफोन चढवले. आता फरशी आली की तो थांबायचा, पहारेकऱ्याची पावलं मोजायचा. तिसऱ्या प्रयत्नात गालिच्यापर्यंत पोचला. मीही पुढे वाकून बघत होतो. पाऊस अजून जोरात लागला होता.

"दीड वाजला," मागून आवाज आला.

दोघंही उडालो. माझी आई, म्हणजे त्याची आजी, आमच्या पाठीशी हातभर अंतरावर कंदील घेऊन उभी होती. कधी आली, किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक.

"आजी, तू आलीस कशी? त्या फळ्या वाजतात ना!"

तिनं वर कौलांकडे बोट दाखवलं आणि प्लगचं बटण बंद केलं.