१०९९-आर डबल असल्याची वॉर्निंग आली? लगेच डिलीट करू नका

अमेरिकेचं टॅक्स रिटर्न भरताना सॉफ्टवेअर म्हणतं की हा १०९९-आर (रिटायरमेंट खात्यातून किंवा पेन्शनमधून काढलेल्या पैशांचा फॉर्म) तुम्ही आधीच टाकलाय, आणि बरेच जण घाबरून दोनातला एक उडवून मोकळे होतात. तिथेच घोळ होतो. सॉफ्टवेअरला एवढंच दिसतं की पैसे देणारी कंपनी तीच, माणूस तोच, कधीकधी रक्कमही तीच. फॉर्म खरंच डबल आहे का ते तुम्हालाच कागद समोर ठेवून बघावं लागतं.

एकाच कंपनीकडून एकाच वर्षाचे दोन १०९९-आर येणं अगदी नॉर्मल आहे, कारण बॉक्स ७ मधला कोड वेगळा असेल तर फॉर्मही वेगळा येतो. समजा जुलैत तुम्हाला साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण झाली, त्याआधी मार्चमध्ये आयआरएतून (स्वतः उघडलेल्या रिटायरमेंट खात्यातून) ८,००० डॉलर काढले होते आणि नंतर ऑक्टोबरमध्ये १२,००० काढले, तर साधारणपणे पहिल्यावर कोड १ (वेळेआधी काढलेले पैसे) येतो आणि दुसऱ्यावर कोड ७ (वय झाल्यावर नेहमीसारखे काढलेले). दोन्ही वेगवेगळे टाकायचे. बेरीज करून सगळे २०,००० कोड १ खाली टाकले तर १० टक्के जादा टॅक्स ८०० ऐवजी २,००० लागतो, आणि दुसरा फॉर्म उडवला तर १२,००० चं इन्कम रिटर्नमधून गायब, पण आयआरएसकडे (अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे) त्याची कॉपी असतेच, म्हणजे पुढे सीपी २००० नोटीस (रिटर्न आणि त्यांच्याकडची माहिती जुळत नाही असं सांगणारी) घरी येऊ शकते.

नोकरी सोडताना ४०१-के (नोकरीतलं रिटायरमेंट खातं) मधले थोडे पैसे हातात घेतले आणि बाकीचे थेट रोलओव्हर केले, म्हणजे दुसऱ्या रिटायरमेंट खात्यात वळवले, तरी असंच, रोलओव्हरच्या फॉर्मवर कोड जी असतो आणि बॉक्स २ए मध्ये बहुतेक वेळा शून्य, तरीही तो टाकायचाच. टॅक्स नाही म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

नवरा-बायको दोघांची खाती एकाच कंपनीत असतील तर चुकून दोन्ही फॉर्म एकाच्याच नावावर पडतात. फॉर्मवरच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे बघा आणि नाव बदला, डिलीट नको.

आता खरा डबल कधी? कंपनीकडून फॉर्म इम्पोर्ट केला आणि तोच परत हाताने टाइप केला तर. बॉक्स १, २ए, ४, ७ आणि अकाउंट नंबर, सगळं तंतोतंत जुळलं तर एक काढून टाका. बॉक्स ४ विशेष बघा, तो कापलेला फेडरल टॅक्स असतो, तो दोनदा धरला गेला तर रिफंड उगाच फुगतो आणि नंतर व्याजासकट परत करावा लागू शकतो. करेक्टेड असा शिक्का असलेला फॉर्म नंतर आला असेल तर ज्या फॉर्मची ती दुरुस्ती आहे तो काढून हा ठेवायचा. कंपनीनेच चुकून दोन पाठवले असतील तर त्यांच्याकडून दुरुस्ती मागा, कारण तुम्ही फक्त सॉफ्टवेअरमधून उडवलात तरी आयआरएसकडे दोन्ही राहतात.

रिटर्न आधीच गेलं असेल तर १०४०-एक्स (सुधारित रिटर्नचा फॉर्म) भरून सुधारता येतं. आमच्याकडून रिटर्न करून घेत असाल तर फॉर्म पाठवताना सगळ्या प्रती पाठवा, सारख्या दिसल्या तरी.