पार्श्वभूमी : नो-हिटर टाकणारा रिगेटी बुलपेनमध्ये का गेला?

डेव्ह रिगेटी म्हटलं की आज सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा माजी पिचिंग कोच (पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचा प्रशिक्षक) आठवतो. पण त्याच्याबद्दलचा खरा वाद 1984 सालचा आहे : चांगल्या स्टार्टरला (सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला) बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर उतरणाऱ्या पिचरांच्या गटात, पाठवणं बरोबर होतं का?

सॅन होजेचा हा डावखुरा पिचर 1981 मध्ये न्यूयॉर्क यँकीजकडून अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) ठरला. 4 जुलै 1983 रोजी त्याने बोस्टनविरुद्ध नो-हिटर (प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता संपवलेला सामना) टाकला; 1956 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (विजेतेपदाच्या मालिकेतल्या) परफेक्ट गेमनंतरचा, म्हणजे एकही फलंदाज बेसवर न पोहोचलेल्या सामन्यानंतरचा, यँकीजचा हा पहिलाच. त्या हंगामात 14 विजय, दोनशेहून जास्त इनिंग (एका सामन्यात साधारण नऊ असतात). वय अवघं चोवीस.

पुढच्याच वर्षी त्याला क्लोजर, म्हणजे शेवटी उतरून आघाडी राखणारा पिचर, केलं. जुना क्लोजर फ्री एजंट (करारातून मोकळा) होऊन सॅन दिएगोला गेला होता, शेवटच्या इनिंगसाठी भरवशाचा हात हवा होता. स्टार्टर पाच दिवसांतून एकदा उतरतो, क्लोजर कुठल्याही दिवशी, हा या निर्णयाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद. तो चूक नाही, पण क्रिकेटच्या भाषेत, सलग वीस षटकं टाकू शकणाऱ्या गोलंदाजाला फक्त शेवटच्या दोन षटकांसाठी राखून ठेवण्यातला हा प्रकार. समर्थक 1986 दाखवतात : शेवटी-शेवटी बोस्टनमध्ये एकाच दिवशी दोन्ही सामन्यांत सेव्ह (आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद), हंगामात एकूण 46, तेव्हाचा विक्रम. पण 1985 मध्ये यँकीज गटात पहिल्या आलेल्या टोरोंटोच्या फक्त दोन सामने मागे राहिले, आणि त्या दशकात त्यांची रडकथा स्टार्टरचीच होती. चांगला स्टार्टर हातात असताना! विक्रमाने निर्णय झाकला गेला, एवढंच.

पुढे जायंट्स, मग अॅथलेटिक्स, ब्लू जेज; 1995 मध्ये व्हाइट सॉक्सकडे शेवटी पुन्हा स्टार्टर. खात्यावर 252 सेव्ह.

2000 ते 2017 तो जायंट्सचा पिचिंग कोच होता. मॅनेजर तीन झाले, हा टिकला. 2010, 2012, 2014 अशा तीन वर्ल्ड सिरीज आल्या. 2010 च्या अंतिम मालिकेतले चारही स्टार्टर क्लबनेच ड्राफ्ट करून (नव्या खेळाडूंमधून निवडून) घडवलेले. गंमत म्हणजे 2012 च्या ऑक्टोबरात, दोन वेळा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकलेल्या जायंट्सच्या स्टार्टरला बहुतांशी रिलीफसाठीच, म्हणजे मध्येच दुसऱ्या पिचरच्या जागी, वापरलं गेलं, आणि ते जमलंही. पण ती सोय प्लेऑफपुरती होती. पुढच्या हंगामात तो पुन्हा स्टार्टर झाला, आणि जुलै 2013 मध्ये सॅन दिएगोत 148 पिच टाकून त्याने नो-हिटर पूर्ण केला.