७४१ आणि रेल-टू-रेल: लोड लावल्यावर काय होतं?

ऑप-अ‍ॅम्पच्या, म्हणजे दोन इनपुटमधला फरक अनेक पटींनी वाढवणाऱ्या चिपच्या, डेटाशीटवर 'रेल-टू-रेल आउटपुट' (आउटपुट सप्लायच्या दोन्ही टोकांच्या, म्हणजे रेलच्या, अगदी जवळ जातं) असं दिसलं की हा ऑप-अ‍ॅम्प जास्त ताकदीचा, असं अनेक विद्यार्थी धरून चालतात. पण आउटपुटचं व्होल्टेज कुठपर्यंत पोचतं आणि लोडला, म्हणजे आउटपुटला जोडलेल्या भागाला, करंट किती मिळतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोघांची उत्तरं आउटपुटचे ट्रान्झिस्टर कसे जोडलेत यात सापडतात.

फेअरचाइल्डने १९६८ साली आणलेल्या ७४१ या ऑप-अ‍ॅम्पमध्ये शेवटी एमिटर फॉलोअरची (बेसच्या व्होल्टेजमागे एमिटरवरचं आउटपुट चालतं अशा ट्रान्झिस्टरची) जोडी आहे. त्यातला एनपीएन ट्रान्झिस्टर लोडला करंट देतो, पीएनपी ओढून घेतो. फॉलोअरच्या बेसला आउटपुटहून सुमारे ०.६ व्होल्ट जास्त लागतात, आणि बेसला करंट पुरवणाऱ्या भागालाही थोडी जागा हवी. त्यामुळे ±१५ व्होल्ट सप्लायवर आउटपुट साधारण ±१४ ला अडतं, २ किलोओहमचा लोड असेल तर ±१३ ला. मात्र फॉलोअरचा गेन (आउटपुट इनपुटच्या किती पट, तो आकडा) जवळजवळ १ असतो आणि लोड बदलला तरी तो फारसा हलत नाही. हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

एमसीपी६००२ सारख्या रेल-टू-रेल चिपमध्ये मॉसफेट प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा सोर्स सप्लायला आणि ड्रेन आउटपुटला जोडलेला असतो. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू झाला की लहान रेझिस्टरसारखा वागतो, म्हणून १० किलोओहमच्या लोडवर आउटपुट रेलपासून २५ मिलिव्होल्टच्या आत जातं. पण या रचनेत शेवटच्या स्टेजचा गेन थेट लोडवर ठरतो. लोडचा रोध कमी केला की ओपन-लूप गेन (फीडबॅक, म्हणजे आउटपुट परत इनपुटला जोडणं, नसतानाचा गेन) घसरतो आणि अचूकताही.

(एलएम३५८ या ऑप-अ‍ॅम्पला रेल-टू-रेल समजू नका. तो खाली शून्याजवळ जातो, वर मात्र सप्लायच्या सुमारे दीड व्होल्ट आधीच थांबतो.)

आता ७४१ आणि एमसीपी६००२ दोघांनाही १०० ओहमचा लोड द्या, दुसरं टोक ग्राउंडला. ७४१ चा करंट अंदाजे २५ मिलिअँपिअरला मर्यादित केलेला आहे, म्हणजे १५ व्होल्टचा सप्लाय असूनही आउटपुट २.५ व्होल्टच्या आसपास अडकणार. एमसीपी६००२ चा शॉर्ट-सर्किट करंट ५.५ व्होल्टवर सुमारे २३ मिलिअँपिअर, त्यामुळे त्याचीही धाव २.३ व्होल्टच्या पलीकडे नाही. फीडबॅकही इथे कामाला येत नाही, कारण नसलेला करंट तो कुठून आणणार?

म्हणून चिप निवडण्याआधी ओहमच्या नियमाने लोडचा करंट काढा. तो १० मिलिअँपिअरच्या वर जात असेल, तर मी बीडी१३९ (एनपीएन) आणि बीडी१४० (पीएनपी) या ट्रान्झिस्टरांची जोडी बाहेर लावेन आणि फीडबॅक त्यांच्या एमिटरवरून, म्हणजे थेट लोडवरून घेईन. पण हेही फॉलोअरच आहेत. ५ व्होल्टच्या सप्लायवर रेल-टू-रेल चिप असली, तरी लोडला सव्वाचार व्होल्टच्या आसपासच मिळतील.