काठ नसलेली कमान

सांगलीच्या आयर्विन पुलावर थांबणारा माणूस सहसा पाण्याची पातळी बघतो. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असते. पण १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलाच्या दगडी कमानी निरखल्या, तर युरोपातल्या कॅथेड्रलचे निम्मे शास्त्र कृष्णेच्या पात्रातच कळते.

कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्च नव्हे. बिशपचे आसन ज्या चर्चमध्ये, ते कॅथेड्रल, मग ते केवढेही असो. रोममधले भव्य सेंट पीटर्ससुद्धा कॅथेड्रल नाही. तो मान तिथल्या लॅटरनच्या चर्चचा आहे.

कमान भार खाली नेते, तशी पायाशी बाहेरही रेटते. पुलावर शेजारच्या दोन कमानींचे रेटे एकमेकांना अडवतात आणि टोकाच्या कमानीचा रेटा नदीकाठ पोटात घेतो. हीच कमान जमिनीपासून ४० मीटर वर नेली, तर काठ आणायचा कुठून? बाराव्या शतकापासून फ्रान्सचे गवंडी या प्रश्नाशी झुंजत होते.

कमान टोकदार केली की रेटाच कमी होतो. भार सारखा पसरलेला धरला, तर ठोकताळा असा: एकूण भार गुणिले गाळा (कमानीच्या दोन पायांमधले अंतर), भागिले उंचीची आठपट. गाळा १२ मीटर, भार ४० टन आणि अर्धगोल कमानीची उंची ६ मीटर असेल, तर रेटा १० टन. उंची १० मीटर केली की तो ६ टनांवर येतो. (दगड थोडे जास्त लागतात, म्हणून प्रत्यक्षातला फायदा जरा कमी.)

उरलेल्या रेट्यासाठी त्यांनी काठच वर नेला. भिंतीपासून दूर एक जाड दगडी धिरा उभारायचा आणि त्याच्या अंगावरून भिंतीला अर्धी कमान टेकवायची. भिंतीवरचे ओझे सुटले, म्हणून तिथे रंगीत काचांच्या प्रचंड खिडक्या बसवता आल्या. धिऱ्यावरची टोकदार शिखरी नुसती नक्षी वाटते, पण ती वजन म्हणूनही कामाला येते. तिरका रेटा वरच्या वजनाने खाली वळतो आणि धिऱ्याच्या पायातच राहतो. पायाच्या रुंदीच्या मधल्या एक तृतीयांश भागात राहिला तर उत्तम. कडेकडे सरकला की विरुद्ध बाजूचे सांधे उघडू लागतात.

दगड चिरडून इमारत पडते, हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. ४० मीटर उंच दगडी खांबाच्या तळाशी स्वतःच्या वजनाचा दाब चौरस सेंटीमीटरला जेमतेम १० किलो पडतो. चांगला चुनखडीचा दगड शेकडो किलो सोसतो. घात होतो तो आकाराने.

फ्रान्समधल्या बोव्हेचे कॅथेड्रल घ्या. छताची उंची ४८ मीटर. १२८४ मध्ये त्यातला काही भाग कोसळला. दुरुस्तीत दोन खांबांच्या मध्ये आणखी एक खांब घालून गाळे निम्मे केले. तरी हौस फिटली नाही. १५६९ मध्ये १५३ मीटरचा मनोरा पुरा झाला आणि चारच वर्षांत खाली आला. तीन बाजूंना इमारतीचा आधार होता. पश्चिमेला लांबट मंडप बांधलेलाच नव्हता. काठ नसलेल्या बाजूला खांब कलले. तो मंडप आजही नाही.

बांधताना कमानीखाली लाकडी ढोला, म्हणजे तात्पुरता आधाराचा सांगाडा, लावतात. दगड दोन्ही बाजूंनी सारखे चढवत न्यायचे, नाहीतर ढोला एकीकडे झुकतो. कळीचा, म्हणजे माथ्यावरचा मधला दगड शेवटी. कळीच्या दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर भर घातली नाही तर खांदे वर उचलतात आणि कळी खाली बसते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून ढोला घाईने काढला तर कमान वाजवीपेक्षा जास्त बसते.

कमानीचा योग्य आकार काढायला एक साखळी पुरते. तिची दोन टोके धरून लोंबू द्या. तिला फक्त ताण कळतो. तोच आकार उलटा केला की फक्त दाब सोसणारी कमान मिळते. हे इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये सांगितले. पुढे सेंट पीटर्सच्या घुमटाला भेगा गेल्या, तेव्हा इटालियन शास्त्रज्ञ पोलेनीने वजने लावलेली साखळी टांगूनच घुमट तपासला.

वाड्याच्या दिंडीची कमानही याच नियमाने वाचता येते. कळीपाशी खालून भेग उघडली असेल, तर पाय बाहेर सरकले आहेत. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवून तारीख लिहा. पट्टी फुटली तर सरकणे चालू आहे. अशा वेळी भेगेत सिमेंट भरून उपयोग नाही, आधी पाय धरायला हवेत.