मुख्य कल्पना, विज्ञान पाठ्यपुस्तकातील

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ज्या विधानासाठी परिच्छेदातील उदाहरणे, आकृती व प्रयोगाचे वर्णन आलेले असते, त्याला मुख्य कल्पना म्हणतात.

परिच्छेदाचा विषय आरंभीच्या वाक्यात सूचित व्हावा, या नियमाचे श्रेय सामान्यतः स्कॉटिश तत्त्वज्ञ अलेक्झांडर बेन यांच्या 1866 मधील ग्रंथाला दिले जाते. बेन यांनी तो वाक्यरचनेच्या नियमांवरून बेतला, असे पॉल रॉजर्स यांनी 1965 मध्ये प्रतिपादन केले. ते सर्वमान्य नाही. आरंभीचे वाक्य उघडपणे पूर्वतयारीचे असेल तर नियम लागू नाही, हा बेन यांनीच नोंदवलेला अपवाद मात्र शालेय सूचनांत क्वचितच येतो. रिचर्ड ब्रॅडॉक यांना 1974 मध्ये समकालीन व्यावसायिक लेखकांच्या विवेचनपर गद्यात सुमारे 13 टक्केच परिच्छेद अशा वाक्याने सुरू झालेले आढळले. त्यामुळे पहिल्या वाक्याखाली रेघ मारण्याच्या सवयीला फारसा आधार उरत नाही.

तात्पर्यनिर्णयाची, म्हणजे वचनाचा मुख्य अभिप्राय ठरवण्याची, भारतीय परंपरा याहून बरीच जुनी आहे. उपक्रम-उपसंहार (आरंभ व शेवट), अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता, फल (प्रयोजन), अर्थवाद (स्तुती) आणि उपपत्ती (युक्तिवाद) ही सहा लिंगे, म्हणजे तात्पर्य ओळखण्याच्या खुणा, सदानंदाच्या वेदान्तसार या ग्रंथात (सामान्यतः 15 वे शतक) सोदाहरण दिली आहेत. सातारा जिल्ह्यातील वाई येथे केवलानंद सरस्वती यांनी मीमांसा या वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाच्या शास्त्रावरील संस्कृत मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले. त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कामही त्याच गावी उभे राहिले. ही लिंगे श्रुतिवाक्यांसाठी (वेदवचनांसाठी) योजलेली असली, तरी त्यांतील अपूर्वता, म्हणजे अन्य मार्गाने न कळणारी गोष्ट, ही कसोटी विज्ञानाच्या परिच्छेदाला चांगली लागू पडते. हळदीने रंगवलेला कागद साबणाच्या पाण्यात तांबूस होतो, ही गोष्ट हळदीची मोठी बाजारपेठ असलेल्या सांगलीतील विद्यार्थ्याला घरच्या डागांवरूनही ठाऊक असते. दर्शकाचा (येथे हळदीचा) रंग द्रावणाच्या आम्ल-आम्लारी स्वरूपानुसार बदलतो, हे त्या परिच्छेदातील अपूर्व होय. ‘हळदीने आम्ल ओळखता येते’ असा सारांश मात्र चुकीचा ठरतो, कारण उदासीन पाण्यातही हळद पिवळीच राहते.

वॉल्टर किंच व टेऊन व्हान डाइक यांनी 1978 मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार (सिद्धान्तानुसार) वाचक अनावश्यक तपशील गाळून, उरलेल्याचे सामान्यीकरण करून आणि नवे व्यापक विधान रचून आशय संक्षिप्त करतो. परिच्छेदाचा विषय विशिष्ट वाक्यात शोधणाऱ्या दृष्टीपेक्षा ही उपपत्ती अधिक ग्राह्य आहे, तथापि गाळण्याचा नियम विज्ञानात जपून वापरावा लागतो. बॉइलच्या नियमातील ‘तापमान स्थिर असताना’ आणि ‘ठरावीक वस्तुमानाच्या वायूचा’ हे शब्द वाक्याच्या कडेला असल्याने दुय्यम भासतात. ते गाळले, तर दाब व आकारमान व्यस्त प्रमाणात असतात, एवढेच उरते आणि पंप मारताना टायरमधील दाब का वाढतो याचा उलगडा होत नाही, कारण तेथे हवेचे वस्तुमानच वाढत असते.

बालभारतीच्या पुस्तकांत ‘करून पहा’, ‘थोडे आठवा’, ‘माहीत आहे का तुम्हांला?’ अशा चौकटी असतात. पहिल्या दोन बहुधा मुख्य कल्पनेकडे नेतात, तर तिसरीत पूरक माहिती असते. लक्षवेधी पण गौण तपशिलांमुळे मुख्य मुद्दा आठवणीतून सुटतो, असे रूथ गार्नर व सहकाऱ्यांच्या 1989 मधील अभ्यासात दिसले. शीर्षके चाळून त्यांचे प्रश्न बनवणे व मग वाचणे ही फ्रान्सिस रॉबिन्सन यांची 1940 च्या दशकातील पद्धत सर्वपरिचित आहे.