गुन्हा आणि विचलन : प्रकार्यवादी दृष्टिकोन

गुन्हेगार तसा का वागला, यापेक्षा त्याच्या वागण्याने बाकीच्या समाजाचे काय होते, हे आधी विचारणारी समाजशास्त्रीय विचारधारा. प्रकार्य म्हणजे समाज टिकवण्यात एखाद्या गोष्टीचा असलेला वाटा. रूढ नियम मोडणारे कोणतेही वर्तन म्हणजे विचलन; त्यातले कायद्याने दंडनीय ते गुन्हा.

या मांडणीचा पाया फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी 1895 मध्ये घातला. गुन्हा नाही असा समाज सापडत नाही, म्हणून गुन्हा हा रोग नसून निरोगी समाजाचेच लक्षण आहे, असे ते म्हणतात. नुसत्या संतांचा मठ कल्पिला, तरी तिथे किरकोळ चुका महापातके ठरतील. शिक्षेचा खरा परिणामही त्यांच्या मते गुन्हेगारापेक्षा इतरांवर होतो : चारचौघांचा संताप एकवटतो आणि मर्यादा कुठे आहे हे सर्वांना नव्याने उमगते. मात्र गुन्ह्याचे प्रमाण एकाएकी वाढले, तर ते त्यांनाही रोगाचेच चिन्ह वाटे.

त्यांचा सर्वांत मोलाचा मुद्दा बदलाविषयीचा आहे. आजचा गुन्हेगार कधीकधी उद्याच्या नीतीची वाट पाडतो. त्यांनी उदाहरण दिले ते सॉक्रेटिसचे. मराठी वाचकाला र. धों. कर्वे आठवावेत. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणासाठी त्यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि अश्लीलतेचे खटले ओढवून घेतले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही कर्वे दोषी ठरले. पुढे 1952 मध्ये कुटुंबनियोजन हा स्वतंत्र भारताचा सरकारी कार्यक्रम झाला.

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1938 मध्ये प्रश्नाची दिशा बदलली : समाजच माणसाला विचलनाकडे कसा ढकलतो, हे त्यांनी विचारले. श्रीमंतीचे स्वप्न समाज सर्वांना दाखवतो, पण तिथे पोचण्याची सरळ वाट मोजक्यांनाच मोकळी असते. या ताणातून कोणी आडवाट धरतो, कोणी ध्येय सोडून नुसते नियम पाळत राहतो, कोणी व्यसनात दोन्हींकडे पाठ फिरवतो, कोणी ध्येय आणि वाट दोन्ही नव्याने ठरवू पाहतो. बहुतेक मात्र ध्येय आणि वाट दोन्ही मान्य करून निमूटपणे चालत राहतात. पण सगळे विचलन श्रीमंतीच्या ओढीने होत नाही : पोरे निष्कारण मोडतोड करतात तेव्हा त्यांना पैसा मिळत नाही. त्यामागे शाळेत न मिळालेल्या मानाची भूक असते, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आल्बर्ट कोहेन यांनी 1955 मध्ये मांडले.

या दृष्टिकोनाची मोठी उणीव म्हणजे ‘समाज’ हा शब्द तो फार सहज वापरतो. मर्यादा आखतो कोण आणि ती कोणाच्या अंगावर पडते, हे मार्क्सवादी आणि ‘शिक्का’ सिद्धान्त (समाजाने शिक्का मारल्यानेच माणूस गुन्हेगार ठरतो, हे मत) मांडणाऱ्या अभ्यासकांना विचारावे लागले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे मुंबई इलाख्यातही पारधी, कैकाडी अशा जमातींना पोलिसांपुढे हजेरी लावणे आले. सोलापुरात तर कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये ठेवली गेली. अशा बंदिवासातून उरलेल्या समाजाची एकजूट वाढली असेलही. पण कुंपणाच्या आतली माणसेही समाजच होती. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला; पारध्यांच्या पालावर मात्र चोरी झाली की पोलीस आजही आधी पोचतात.